आग पहिली की पाणी पहिलं

सेनगाव, मे २००४

तीर्थरूप किशनमामांना धम्मानंदचा सविनय जयभीम.

इकडं आम्ही सगळे बरे आहोत. लग्नसराईमुळं शिलाईच्या दुकानात मान वर करायला सवड नाही. एसटीतून रिटायर झाल्यावर तुमचा दमा कमी झाला का, ते कळवावं. (रिटायर माणसाला तब्येत विचारली की दोन पानी उत्तर येतं, तरी विचारणं माझं काम आहे.)

पत्र लिहायचं कारण जळबा. पुसेगावचा जीपवाला, माझा दोस्त. आम्ही चौघं, मी, जळबा, हिरासिंग आणि मालक कोंडीबा, दर रविवारी कोंडीबाच्या व्हिडिओ सेंटरात जमतो. त्या इंग्रजी हेराचे हिंदीत बोलणारे सगळे पिच्चर आम्ही पाहिलेत, पण आमचा जीव सुरुवातीच्या नावांवर. गाणं वाजतं, सावल्या नाचतात, नटांची नावं येतात, त्याचे आम्ही नंबर लावतो. (लोक याला रिकामटेकडेपणा म्हणतात. त्यांनी बैल पळवून नंबर काढले की तो शंकरपट.) माझा पहिला नंबर आगीचा. ज्वाळांत एक बाई नाचते आणि प्रत्येक नाव जळून राख होतं. जळबाचा पाण्याचा. समुद्राच्या तळाशी सगळं संथ हलत राहतं, बस.

आता संशयाची गोष्ट. हा माणूस सेंटरात बसल्याबरोबर घोरतो. तरी दर रविवारी पाण्याच्या बाजूनं नवा मुद्दा आणतो, मासा नावाच्या मागून जातो, पुढून जात नाही वगैरे. शिवाय सीडी घरी नेतो. घरी त्याची म्हातारी आई, चांगुणाबाई, तिला तापानंतर ऐकू येत नाही. मग सीडी पाहतं कोण? मला वाटलं, आपल्याला पाडायला यानं बाहेरचा माणूस लावला. तुम्हाला सांगतो मामा, मला चार रात्री झोप लागली नाही. तेरा वर्षांची दोस्ती, आणि असा दगा.

शेवटी दुकान बंद करून दुसऱ्याच्या जीपनं पुसेगाव गाठलं आणि त्याच्या दाराआड उभा राहिलो. आत चांगुणाबाई टीव्हीला नाक लावून बसलेली. जळबा पुन्हा पुन्हा सुरुवात लावून देत होता. तेवढ्यात तिनं मला पाहिलं.

"धम्मानंद, दाराआड काहून उभा राहिलास?" तिनं अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं.

मी आत गेलो. जळबा खाली मान घालून म्हणाला, "पिच्चरमधी लोक बोलत राहतात, मायला कळत न्हाई. नावं येतात तवा कोणीच बोलत न्हाई. तेवढं ती आपल्या बराबरीनं पाहते." पाण्याचं मत तिचं होतं. आमच्यात बाईचं मत कोण धरील, म्हणून तो आपलं म्हणून सांगायचा.

मी खुणेनं आगीचं विचारलं. ती म्हणाली, "येवढी आग लागली, आन् एक बी माणूस बादली घेऊन येईना. असलं काय पाहावं?"

मामा, मी तिच्या शेजारी बसून पाणी पुन्हा पाहिलं.

पुढच्या रविवारी जळबानं तिला सेंटरात आणलं. कोंडीबा म्हणाला, इथं बायामाणसं येत नाहीत. मी म्हणालो, मग मीही येत नाही. मी उठलो, जळबा उठला, तेव्हा कोंडीबानं स्वतःची खुर्ची पुसून तिला पुढं दिली. पाण्याच्या नावांच्या वेळी ती हसत होती, आणि मी आग विसरून तिच्याकडं पाहत बसलो. मग तिनं आपलं मत पाण्याला दिलं. कोंडीबानंही पाण्यालाच दिलं. आणि जळबानं पहिल्यांदा स्वतःचं मत दिलं, ते आगीला. आता आमच्यात काही किल्मिष उरलं नाही. संशय फार वाईट, हे मला पटलं.

मामींना जयभीम, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
धम्मानंद

ता. क. चौथा गडी हिरासिंग बहिणीच्या लग्नात अडकलाय, त्यामुळं बरोबरी झालीय. तुम्ही रविवारी या. आग चांगली आहे.

ता. क. २. सोमवारी जळबा भाडं घेऊन तुमच्या औंढ्याला येतो. चहा पाजून हळूच विचारा, त्याला आग खरंच आवडली, का माझी कीव आली? मला त्याचं लक्षण ठीक दिसत नाही. मी विचारायला लावलं हे सांगू नका.