उणे दोन म्हणजे व्हय

१० नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसातल्या सुदर्शननं प्रोग्रॅममधली माझी ओळ बदलली. न विचारता! कारखान्यातल्या प्रेसमध्ये कामगाराचा हात आत गेला की प्रेस थांबावी, एवढंच तिचं काम. मी 'नॉट हात' लिहिलं होतं — हात नसेल तरच चाल. त्यानं नॉट काढून ~ हे चिन्ह टाकलं. "उलटंच करायचं ना? हे पण उलटंच करतं."

डोंबल करतं. हात आत म्हणजे एक. त्याला ~ लावलं की शून्य नाही येत, उणे दोन येतं. हात बाहेर म्हणजे शून्य, त्याचं उणे एक. अन् कॉम्प्युटरला शून्य सोडून सगळं व्हयच. म्हणजे हात असो नसो, प्रेस चालणार.

११ नोव्हेंबर

त्याला सांगितलं. म्हणे, "चालवून बघितलंय मी, मस्त चालतीय." चालणारच की! थांबते का ते बघ ना, येड्या. "मंजुषा मॅडम, तुम्हाला लईच संशय." त्याचं तोंड बघवत नाही मला.

१२ नोव्हेंबर

मीटिंग. साहेबांनी विचारलं, "मंजुषा, अडचण नाय ना काही?" मी ठासून म्हणाले, "व्हय." म्हणजे आहे! साहेबांनी घेतलं — व्हय, नाय. उठले पण. मागं पळाले तर "तुम्ही दोघं आपसात मिटवा."

काय मिटवू? शेंद्र्याच्या त्याच कारखान्यात एक नंबरच्या प्रेसवर माझा सख्खा भाऊ उभा असतो. रामेश्वरदादा.

१३ नोव्हेंबर

तपासणीच्या नावाखाली शेंद्र्याला गेले. एक नंबरमध्ये गुपचूप माझी ओळ परत घातली. हाताऐवजी काकडी आत धरली, प्रेस जागेवर थांबली. दोन नंबरकडं वळले तर सुपरवायझर आडवा — "बास मॅडम, काम अडलंय."

१४ नोव्हेंबर

सुदर्शननं आज सगळ्यांदेखत एक नंबरमध्ये स्वतःचा हात घातला. मला खोटं पाडायला. प्रेस थांबली. टाळ्या! ती ओळ माझी आहे, मी सांगत राहिले. "चूक कबूल करायची नाय, वर श्रेय पण पाहिजे," म्हणाला. हरामखोर. जायला पाहिजे होता हात, असं आलं मनात. आलंच.

टाळ्या दादा पण वाजवत होता. घरी त्याला समजावलं, दुसऱ्या कुठल्या प्रेसवर भरवसा ठेवू नको. तर म्हणे, "अगं, डोळ्यानं बघितलं ना मी."

१५ नोव्हेंबर

ऑफिसात आत्ता कळलं, एक नंबर बंद आहे. दादाला सकाळीच दोन नंबरवर उभं केलंय. कामगारांचे फोन गेटवर जमा असतात. मी शेंद्र्याच्या रिक्षात आहे, वाटेतलं चिकलठाणा आत्ता गेलं.