दहावा चिंचोका

मी, गहिनीनाथ मारुती लोळगे, वय वर्षे अदुसष्ट, धंदा सोडा व आल्याची बियर तयार करणे, राहणार शेवगाव, तालुका शेवगाव, जिल्हा अहमदनगर, आज पौष अमावास्येच्या सकाळी दुकानाच्या ओट्यावर बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा हवा असल्यास, आज सकाळच्या चहात आले किसून न घालता ठेचून घातले होते, हे मी पहिल्या घोटाला सांगितले आणि सुनेने ते कबूल केले. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट बायको दोनदा येऊन म्हणून गेली, "अवसंला कुनी असलं लिवत बसतं का? जरा धड दिस बगा की." पण आमच्या घरात चांगले काय आणि वाईट काय हे चाळीस वर्षे अमावास्येलाच ठरत आले आहे, त्यामुळे मला याहून योग्य दिवस सापडला नाही.

डॉक्टरांनी माझी छाती तपासून यापुढे सोड्याच्या मशीनचे चाक फिरवायचे नाही असे बजावले आहे. म्हणून ही लिखापढी. सन १९६८ साली मी एक मृत्युपत्र केले होते, ते आजपासून रद्द समजावे. घर, दुकान, बाटल्या यांवरून माझ्या माणसांत तंटा होईल असे मला वाटत नाही. तंटा झालाच तर एका चिनी मातीच्या बरणीवरून होईल. जुन्या मृत्युपत्रात ती बरणी मी मुलाला दिली होती. ती आता कोणाला आणि का, हे सांगण्यासाठीच हा सगळा कागद खर्ची घालत आहे.

त्या बरणीत विरजण आहे. दह्याला जसे विरजण लागते तसे आल्याच्या बियरला हे लागते. दिसायला तांदळाच्या धुवणासारखे, खाली पांढरा गाळ. रोज चमचाभर किसलेले आले आणि चमचाभर साखर मिळाली तर ते वर्षानुवर्षे जगते, आणि आठ दिवस विसरलात तर मरते. तरुणपणी मी नगरच्या कॅम्पात एका सोड्याच्या कारखान्यात नूरुद्दीनभाईंच्या हाताखाली बाटल्या धुवायला होतो. सन १९३३ साली मी काम सोडून निघालो तेव्हा त्यांनी पेलाभर विरजण वर फडके बांधून दिले आणि म्हणाले, "याला उपाशी ठेवू नको. बाकी ते तुला शिकवंल." त्या पेल्यावर माझे घर उभे राहिले. बियर म्हटले तरी घाबरू नये. नशा म्हणाल तर ताकाइतकीच, पण ढेकर अस्सल.

कलम १. शेवगाव येथील माझे राहते घर, पुढील दुकानासह, माझ्या स्वकष्टाचे आहे. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस आमची विहीर, दक्षिणेस पिठाची गिरणी, उत्तरेस थोरले बंधू आबासाहेब व त्यांचा राग. हे घर माझी पत्नी रतनबाई हिने हयातीपर्यंत वापरावे व तिच्यानंतर ते मुलगा गोरक्ष याचे व्हावे. रतनबाईला घरातून ऊठ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तसे म्हणण्याची हिंमतही कोणात नाही, पण वकील म्हणाले लिहून ठेवा.

कलम २. पोस्टातील पुस्तक रतनबाईचे. तिच्यानंतर ते मुलगी बनुबाई, राहणार राजूर, हिचे. आकडा येथे लिहीत नाही, कारण हे मृत्युपत्र सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाईल आणि मला त्या वेळी लाज वाटू नये. बनूला बुचाच्या बारा बाटल्याही द्याव्यात, पण रिकाम्या. भरलेल्या देऊ नयेत. मागे ती दोन भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून एसटीने सासरी निघाली आणि नगरच्या स्टँडवर उन्हाने एक बूच उडाले. अख्खी गाडी सीटखाली वाकली. कंडक्टरने विचारले, "बाई, काय हाय पिशवीत?" तर ही म्हणते, "आमचा बाप हाय." मला हे सहा महिन्यांनी कळले आणि मी हसता हसता ओट्यावरून पडलो.

कलम ३. आबासाहेबांविषयी. आबा माळकरी आहेत. बियर हा शब्द ऐकल्यापासून त्यांनी माझ्या घरी पाणीसुद्धा घेतलेले नाही. सन १९५८ च्या दिवाळीत मी हातापाया पडून त्यांना चाखायला बसवले. त्यांनी वाटीला ओठ लावला नाही आणि गुणांची वाटी पालथी घालून उठून गेले. आता गुणांची वाटी म्हणजे काय, ते सांगतो.

माझी आई गोजरबाई हिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण तिची जीभ तालुक्यात एक नंबर होती. पहिल्या वर्षी बियर कधी कडू व्हायची, कधी नुसते गोड पाणी, आणि मला कोणीतरी खरे सांगायला हवे होते. म्हणून दर अमावास्येला दुकान बंद असे तेव्हा मी घरातल्या प्रत्येकाला दहा चिंचोके द्यायचो. नवी भट्टी, म्हणजे त्या खेपेची बियर, चाखायची, जितकी आवडली तितके चिंचोके वाटीत टाकायचे, वर फडके झाकायचे. मग फडकी काढून सर्वांसमोर मोजायचे. ज्याने गुण कापले त्याने कारण सांगायचे. फेस किती, झणका कुठे लागला, गोडी आधी आली की नंतर, आणि ढेकर नाकातून आली की तोंडातून. पहिल्या दिवशी मी आईला विचारले, धा का नाही दिलेस? ती म्हणाली, "धा दिलं तर उद्या काय करशील?" तेव्हापासून आमच्या घरात दहावा चिंचोका कोणी टाकलेला नाही. तो हातात राहतो आणि परत डब्यात जातो. ज्याने भट्टी लावली त्याने स्वतः गुण द्यायचे नाहीत, हा दुसरा नियम.

तर आबांना माझ्याकडून एक बाटली व दहा चिंचोके द्यावेत. मला त्यांच्याशी भांडण पुढच्या जन्मात न्यायचे नाही. शून्याचे मला वाईट वाटले नाही, न चाखता दिले याचे वाटले. चाखून शून्य दिल्यास माझी काही हरकत नाही, मात्र कारण सांगावे लागेल.

कलम ४. रतनबाईने चाळीस वर्षे आठच चिंचोके दिले. कारण विचारले की म्हणते, "एक तुमच्या आईच्या नेमाचा, आन एक तुमी माजलात तर म्हनून." गुणांचा पितळी डबा तिचाच आहे, तो तिच्याकडेच राहील. माझ्या आयुष्यात मला जे सुख मिळाले त्यातले बरेचसे तिच्या जिभेवरून आले, शिव्यांसकट.

कलम ५. मुलगा गोरक्ष. बाजार समितीत कारकून आहे, अक्षर मोत्यासारखे आहे, बापावर त्याचा जीव आहे. तो नेहमी नऊ देतो. कडू झाली तरी नऊ, सपक झाली तरी नऊ. एकदा मी मुद्दाम भट्टी न लावता नुसते आल्याचे पाणी साखर घालून ठेवले. गोरक्षाने डोळे मिटून चाखले, मान डोलावली आणि नऊ टाकले. मी विचारले, "अरे, कशाचे नऊ?" तो म्हणाला, "बाबा, तुमी केलंय ना." त्या दिवशी मला किती बरे वाटले आणि किती काळजी वाटली, ते लिहिता येत नाही. गोरक्षा, घर तुझे, हातगाडी तुझी, माझी घोंगडी आणि चष्म्याची डबी तुझी. तुझे नऊ मी छातीशी घेऊन जात आहे. पण विरजणाला नऊ चालत नाहीत.

कलम ६. सून मुक्ताबाई. सन १९५९ साली लग्न होऊन आली आणि पहिल्याच अमावास्येला तिच्या वाटीत चार चिंचोके निघाले. नवी नवरी, डोक्यावर पदर, आणि सासऱ्याला चार! मी तांबडा झालो. कारण सांग म्हटले. ती हळूच म्हणाली, "मामंजी, आलं शिळं हाय. सुंठीचा वास येतोय." मी तरातरा आल्याच्या गोणीकडे गेलो. वरचे आले ताजे होते, तळाला सगळे वाळलेले. व्यापाऱ्याने मला गंडवले होते आणि ते माझ्या जिभेला कळले नव्हते. तरी मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही, हे येथे कबूल करतो. पुढेही तिचे चार, पाच, फार तर सहा. पंधरा वर्षांत सातवर ती एकदाच गेली. मी तिला मनात कंजूष म्हणत होतो. चारचौघांतही म्हटले आहे. ते शब्द मी या कलमाने परत घेतो.

याचे कारण गेल्या दुष्काळातले आहे. बहात्तर साली आमची विहीर तळाला गेली. टँकरपुढे बायका हंडे घेऊन उभ्या असताना मी त्याच गावात पाण्याला फेस आणून विकावे हे मला सोसेना. मार्गशीर्षात दुकानाला कुलूप लावले. पुढे घरात पाणी मोजून प्यायची वेळ आली तेव्हा पौषात एके दिवशी मी बरणी उचलली आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी उपडी केली. चाळीस वर्षांचे विरजण मातीने एका क्षणात पिऊन टाकले. मग बरणी राखेने घासली आणि फळीवर ठेवली. मागच्या दाराशी जाऊन रडलो, हे रतनबाईला माहीत आहे असा मला संशय आहे.

यंदा भाद्रपदात विहिरीला पाणी आले. मी पहिल्या गाडीने नगरला नूरुद्दीनभाईंकडे गेलो, पेलाभर विरजण मागायला. ते खाटेवर बसले होते. म्हणाले, "गहिनी, माझं तर कवाच संपलं रे. तुझ्याकडं हाय म्हनून मी बेफिकीर हुतो." परत येताना एसटीत मी ठरवले की आता नुसता सोडा विकायचा.

दिवाळीची अमावास्या आली. दुपारी मुक्ताने सर्वांना दहा-दहा चिंचोके वाटले आणि फडक्याने झाकलेले पेले पुढे ठेवले. मला वाटले ही कोकम सरबत पाजते आहे. फडके काढले तर फेस. ओठांना लावला आणि झणका थेट टाळूला. मी पेला खाली ठेवून विचारले, "हे कुठून आणलंस?" ती म्हणाली, "कुठून आननार? आपलंच हाय. तुमी वतलं त्याच्या आदल्या दिशी बरनीकडं बगत बसला हुता, तवाच मी दोन चमचे लोनच्याच्या बरनीत काडून ठेवलं हुतं. मला वाटलं, मामंजी रागात हायेत, राग उतरला की मागतील." नऊ-दहा महिने तिने रोज स्वतःच्या चहातली साखर त्या बरणीत घातली आणि स्वतःच्या वाटणीच्या पाण्यातला एक पेला कमी प्यायली. घरात एकालाही कळू दिले नाही. गोरक्षाला म्हणे वाटत होते, बायकोने चहा सोडला तो उपवास म्हणून.

जी माझ्या बियरला सहसा सहाच्या वर गुण देत नव्हती तिनेच ती जगवली. मला पासष्टी उलटून गेल्यावर हे कळले की गोरक्षाचे नऊ माझे होते आणि मुक्ताचे पाच बियरचे होते.

सबब विरजणाची बरणी, लोणच्याची बरणीसुद्धा, सोड्याचे मशीन, सर्व बाटल्या, बुचे, सुतळ्या व 'लोळगे सोडा फॅक्टरी' हे नाव मी मुक्ताबाई गोरक्ष लोळगे हिला कायमचे व खास तिच्या मालकीचे म्हणून देत आहे. कोणी म्हणेल, मुलगा असताना सुनेला का? त्याने कारण येथे पुन्हा वाचावे. मी परवा गोरक्षाला हे सांगितले. तो म्हणाला, "बाबा, मला नऊच देता येत्यात. तिला दिलंत ते ब्येस केलं. हातगाडी मी रंगवून घेतो, तिचं नाव घालून." माझ्या मनावरचे एक ओझे गेले.

अट एकच. दर अमावास्येला चाखणे चालू राहावे. माझ्या तेराव्यालाही पाहुण्यांना सरबत नको, बियर द्यावी, आणि प्रत्येकाच्या हातात दहा चिंचोके. रडणाऱ्याने आधी चाखून घ्यावे, नंतर रडावे.

कलम ७. आता राहिले दिवाळीच्या भट्टीचे गुण. ती मुक्ताची भट्टी. चाळीस वर्षांत प्रथमच मी गुण देणारा झालो आणि मला ते देता आले नाहीत. डोळे भरलेले असताना जीभ खरे बोलत नाही. मी चिंचोके मुठीत घेऊन उठलो आणि तीन महिने ती मला विचारते आहे, "मामंजी, माझं गुन कुटं हायेत?" सगळ्यांचे गुण कळले, माझे राहिले, म्हणून ती दुसऱ्या भट्टीला हात लावायला तयार नाही. परवा तिने राखलेली शेवटची बाटली मी एकट्याने, डोळे कोरडे असताना चाखली.

मुक्ता, सहा.

गोडी अर्ध्या चमच्याने जास्त आहे आणि बूच एक दिवस उशिरा लावलेस. दुष्काळात तू जे केलेस त्याला गुण नाहीत. तेवढे चिंचोके कोणाकडे नसतात. पण बियरला सहाच. तू मला पंधरा वर्षे खरे सांगितलेस, मी तुला नऊ देऊन तुझा अपमान करणार नाही. ते सहा चिंचोके माझ्या तपकिरीच्या डबीत आहेत. त्याच डबीत वेगळ्या पुडीत आणखी तीन आहेत, ते मी परत केलेले नाहीत. तुझी भट्टी तुझ्या जिभेला पटेल त्या त्या अमावास्येला त्यातला एकेक काढून माझ्या नावाने वाटीत टाक. मी नाही म्हणून माझे गुण थांबायला नकोत.

दहावा माझ्या बंडीच्या खिशात आहे. रतन, तो काढू नकोस. माझ्याबरोबर जाऊ दे.

येणेप्रमाणे राजीखुशीने लिहिले, वाचून पाहिले, दोन ठिकाणी हसू आले तरी खोडले नाही. साक्षीदारास मृत्युपत्राने काही देता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून नूरुद्दीनभाईंना माझी छत्री कालच हातोहात दिली आहे.

मुक्काम शेवगाव, बुधवार, दिनांक २३ जानेवारी १९७४.

सही: गहिनीनाथ मारुती लोळगे

साक्षीदार १: भीमा सखाराम गरड, गिरणीवाले, शेवगाव. सही आमच्यासमोर झाली. गहिनीनाथराव पूर्ण शुद्धीवर आहेत, नेहमीपेक्षा जास्तच.

साक्षीदार २: नूरुद्दीन इमाम शेख, राहणार नगर. सही समोर झाली. बाटलीत घोटभर उरली होती ती मी चाखली. मी सात दिले असते.