कोरीटच्या बोअरमधले ठोके

साहेब,

परवा शाळेत तुमचा फोटो लागला. पांढऱ्या गणवेशातला, टोपी काखेत धरलेला. तुमची मुलगी मुद्दाम आली होती. मुख्याध्यापकांनी आठवडाभर आधी मला गाठलं, म्हणाले, "साहेबांच्या कारकिर्दीवर अर्धं पान लिहून आणा, तुम्हीच त्यांच्याकडे जायचात." मी सातवी नापास माणूस. आज माझ्या नावाच्या पाट्या तीन गावांत आहेत, कुठली मोटर कशाने जळली हे फोनवर आवाज ऐकून सांगतो, पण त्या अर्ध्या पानाला मला चार दिवस लागले. लिहिलं ते असं: कोरीटचा मुलगा, सतराव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला, खडकवासल्याला शिकला, कोची आणि विशाखापट्टणमला नौदलात नोकरी केली, पाण्याखालचे आवाज ओळखण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, कमांडर म्हणून निवृत्त झाला आणि गावी येऊन पपई लावली. टाळ्या पडल्या. माझ्या मागच्या बाकावरचे एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "समुद्र कथा, कोरीट कथा! पानी सोडीसन सायेब आठे पानीकरता बोर खंदत बसनात." समुद्र कुठे आणि कोरीट कुठे, असं. आजोबांना वाटलं ते कुजबुजले, पण तुम्हाला माझे कान माहीत आहेत. त्या अर्ध्या पानात खोटं काही नव्हतं. राहिलं ते इथे लिहितो.

तुम्ही मला पहिल्यांदा झापलंत तो दिवस आधी. मी पंचविशीतला, सायकलला हत्यारांची पिशवी, मिजास मात्र इंजिनीअरची. तुमची मोटर गुरगुरत होती. मी लांब पेचकस पाइपला टेकवला, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि तुम्हाला दिसावं म्हणून जोरात म्हणालो, "बेअरिंग गेलं!" तुम्ही शेजारी उभे होतात, हातात तुमचा पेचकस. असे भडकलात! "बोललास कशाला? आता मला बेअरिंगच ऐकू येणार. माझा कान तू खराब केलास." मग खिशातून कागदाचे दोन चिटोरे काढलेत. एक तुम्हाला, एक मला. आधी ऐकायचं, मग पाठ फिरवून लिहायचं, मग कागद समोरासमोर ठेवायचे, आणि तोवर तोंड बंद. जहाजावर तुम्ही लावलेला नियम होता तो. दोन कागद जुळले तरच आवाज खरा, नाहीतर तो ऐकणाऱ्याच्या डोक्यातला. त्या दिवशी दोन्ही कागदांवर बेअरिंग नव्हतंच. तुम्ही लिहिलं होतंत, "पंखा घासतोय." मी कागद कोरा ठेवला होता. तुम्ही हसलात आणि मला चहाला आत नेलंत.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मांडणीच्या प्रत्येक फळीला पुढून लाकडी पट्टी ठोकलेली, कपांचे कान सगळे एका दिशेला. काकू चहा गाळता गाळता टोमणा मारतात, "कोरीट कधी हालस का? पण यांचं घर अजून पाण्यावरच शे." तुम्ही गालात हसता. तुमच्याकडे मी अकरा वर्षं येत राहिलो, कधी कामाला, कधी नुसता. गावात लोक म्हणत, साहेब नौदलात सोनार होते. पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्राचं नाव तेच, म्हणून मला ते यंत्र तुम्ही ताटवाटी घेऊन समजावलंत. वाटीत पाणी, पाण्यात चमचा, आणि माझा कान टेबलाला. पाण्यात आवाज हवेपेक्षा लांब जातो, म्हणालात, आणि कुठून आला ते कळायला जन्म जातो.

त्याच टेबलाशी तुम्ही ती बोटीची गोष्ट सांगितलीत, एकदाच, पपई कापता कापता. बंदराबाहेर एक माल वाहणारी बोट उलटली होती, तळ वर, आत किती माणसं ते कोणालाच नक्की माहीत नाही. समुद्र खवळलेला. पाणबुडे उतरवायचे तर त्यांच्याही जिवाला धोका. म्हणून आधी ऐकायचं ठरलं: आत कोणी जिवंत असेल तर पत्र्यावर ठोकेल. यंत्राशी तुम्ही आणि तुमचा जोडीदार. तुम्हाला ठोके ऐकू आले. त्याच्या कागदावर होतं, "काही नाही." निर्णय तुमचा होता. नियमही तुमचाच. तुम्ही पाणबुडे उतरवले नाहीत. संध्याकाळी ती बोट तळाशी गेली, आणि आत कोणी होतं का, हे कधीच कळलं नाही. "तुम्ही उलट ठोकून उत्तर दिलं नाहीत?" मी विचारलं. तुम्ही सुरी खाली ठेवलीत. म्हणालात, "ठोकणाऱ्याला उत्तर द्यायचं ते त्याला काढायला जाणार असलो तरच. नाहीतर देऊ नये." ठोके कसे होते ते तुम्ही सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस समुद्रापासून इतका लांब येऊन का राहिला.

आणि मग तो बोअर. पपईच्या बांधाजवळचा, तीनशे फुटांचा. पाणी आटलं तेव्हा मोटर आणि सगळे पाइप मीच वर काढले, तोंडावर लोखंडी झाकण वेल्डिंग करून घेतलं. खाली उरलं फक्त कोरडं भोक. तरी दोन उन्हाळ्यांनंतर एक दिवस तुम्ही मला निरोप पाठवलात. मी आलो तेव्हा भर दुपार. बांधावर तुम्ही वाट बघत होतात, डोळे जागरणाने लाल, दाढी वाढलेली. तुम्हाला वाढलेल्या दाढीत मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणालात, "थ्री फेज जाऊ दे." दोन वाजता लाइट गेली, साहेब. ती वेळ कशी असते ते शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम बंद होतात, आणि इतका वेळ आपल्या कानांवर हात ठेवून बसलेलं कोणीतरी हात काढतं. तुम्ही मला कागद दिलात. दोघांनीही आपापला पेचकस झाकणाला लावला. आधी माझंच रक्त ऐकू आलं, मग लांबचा ट्रॅक्टर, मग तोही थांबला. आणि मग खालून, तळाकडून, कोणीतरी लोखंडावर लोखंड मारावं तसे तीन ठोके. एक श्वास जाईल एवढी शांतता. मग एक ठोका.

मी मेकॅनिक आहे. भूत आधी नाही, नट आधी शोधतो. पाइप आपटतोय म्हणावं तर पाइप माझ्या गोडाऊनमध्ये. पाणी परत पडतंय म्हणावं तर पाणी नाही. दगड सुटतोय म्हणावं तर दगड मोजून सुटत नाही. शेजारच्या बोअरवर कोणी काम करतंय का ते बघून येतो म्हणालो आणि खरंच जाऊन आलो. तिथे एक कुत्रं झोपलं होतं. परत येऊन पुन्हा कान लावला. तीन. थांबून एक. घाईचे नाहीत, रडवेले नाहीत. कोणीतरी नियमाने आपलं काम करत असावं तसे.

मग मी पाठ फिरवली आणि कागदावर लिहिलं, "काही नाही."

तुम्ही माझा कागद वाचलात, दोनदा. मग तुमचा उलटा केलात. तुमच्या त्या ताठ अक्षरात: "तीन. विराम. एक." म्हणालात, "बोटीतही असंच ऐकलं होतं मी. हेच." आणि तुमचा चेहरा हळूहळू सैल झाला, जसा एखादा गंजलेला बोल्ट शेवटी फिरतो. म्हणालात, "म्हणजे तेव्हाही कानच. तेव्हाही माझे कानच वाजत होते. आत कोणी नव्हतं." माझ्या खांद्यावर हात ठेवलात. त्या हाताचं वजन मला अजून कळतं. संध्याकाळी तुम्ही दाढी केलीत. त्यानंतरची दोन वर्षं तुम्ही गाढ झोपलात, पेरूची कलमं केलीत, आणि गेलात तेही झोपेतच. बोटीच्या वेळच्या तुमच्या जोडीदाराचा विचार मी तेव्हा केला नाही. नंतर पुष्कळ केला. यंत्राशी बसलेला एक तरुण माणूस, कानात कोणीतरी बुडणारं ठोकतंय, आणि हातात कोरा कागद. त्याने काय ऐकलं आणि काय लिहिलं?

परवा फोटोचा कार्यक्रम आटोपल्यावर मुलगी म्हणाली, शेत बघायचं. गाडीतून नेलं. पपई नाही आता, मिरची आहे. तोडणीला धडगावकडची माणसं आली होती, आणि त्यांच्यातली एक म्हातारी तुमच्या बोअरच्या ओट्यावर बसून भाकरी खात होती. लाइट नुकतीच गेलेली. मुलगी निंबाखाली उभी राहिली, मी पुढे गेलो. नमस्कार ना चमत्कार, म्हातारीने मलाच विचारलं, "बाबा, ह्याच्यात कोन ठोकते?"

मी म्हणालो, "पाइपात हवा असते, आजी."

"पाइप कुठं हाय?" ती दातपडक्या तोंडाने हसली. भाकरीचा हात झाकणावर ठेवला आणि बोटाने मला करून दाखवलं. तीन. थांबली. एक. "रोज. लाइट गेली का. एकटाच हाय वाटते." आणि मग, मी अडवायच्या आत, तिने बाजूचा दगड उचलला आणि झाकणावर मारला. तीनदा, मग एकदा. "मी देते त्याला जवाब. बरं वाटते त्याले." दगड ठेवून ती परत कोरड्यासात भाकरी बुडवू लागली.

तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, साहेब. तुमचं नावही तिला माहीत नव्हतं. तुमच्या नियमाप्रमाणे कागद जुळले. आणि ते जुळले म्हणजे तुमचे कान चांगले होते, इथे आणि त्या बोटीपाशीही. म्हणून तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. मी कान लावायला वाकलो नाही. म्हातारीच्या ठोक्यांना खालून काय उत्तर आलं, ते मला माहीत नाही.

परत निघताना गाडीत तुमची मुलगी म्हणाली, "काका, आईने वारण्याआधी मला सगळं सांगितलं. त्या दिवशी तिच्या शब्दाखातर तुम्ही खोटं लिहिलंत. बाबांना झोप मिळाली ती तुमच्यामुळे." तिचे डोळे भरले होते. मी मान डोलावली. गिअर बदलला.

काकू माझ्याशी बोलल्या हे खरं आहे. फाटकाशी आल्या, हात जोडले, म्हणाल्या, "खरं काय ऐकलंस ते माले सांगू नको. त्यासले तर कधीच सांगू नको." पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी. कागद मी आदल्या दुपारी लिहिला होता, आणि लिहिताना तुमची झोप माझ्या मनातसुद्धा नव्हती. बोअरमधून माणूस ठोकतो असं सांगणाऱ्या मेकॅनिकला या तालुक्यात कोण बोलावणार, एवढं एकच मनात होतं. आणि भीती. त्या भीतीत "काही" हा शब्द मला दोनदा गिरवावा लागला. तो गिरवलेला शब्द तुम्ही पाहिला असणार.