लुगड्याच्या बाहुलीनं बोलती केली

शनिवार, १२ डिसेंबर १९९८

आज शाळेत माझ्या नातीनं, सुमीनं, बाहुलीचा खेळ केला. पुण्याच्या शाळेत ही तोंडच उघडंना, म्हणून पोरानं दोन वर्सांमागं माझ्याकडं आणून सोडली. इथल्या बाईंनी तिच्या हातात कापडाची बाहुली घातली आन् पडद्यामागनं बोलायला लावलं. बाहुली म्हातारी, माझ्याच जुन्या लुगड्याची. "अवं पावणं, च्या घेतल्याबिगर जायचं न्हाय!" समदी हसली. माझंच बोलणं की! बाई म्हणाल्या, "आज्जी, आता वर्गात धडाबी मोठ्यानं वाचती." पुण्याच्या डाक्टरला जमलं न्हाय ते लुगड्याच्या तुकड्यानं केलं.

हरखून तशीच शाहूपुरीत फोनच्या बूथवर जाऊन पोराला फोन केला. म्हणाला, "आई, मग जूनला तिला घेऊन जातो." व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार? लेकरू आईबापापाशीच पायजे. पण फोनची एवढी घाई का केली मी? दोन वर्सं मी बडबडायची, ती ऐकायची. जूननंतर कुणापाशी बोलू?

तिला अजून सांगितलं न्हाय. जेवताना तीच बोलत होती, बाईंचं, पडद्याचं, खेळातल्या राजाच्या बाहुलीची मिशी गळून पडली त्येचं. मला मधी एक शब्द घालावासा वाटला न्हाय.