पांढऱ्या गाठी

नागपूर, गुरुवार, १२ जानेवारी १९७८

जेवण गेलंच नाही. शरयूने असं का करावं?

उमरेडचे नामदेवराव आज हरभऱ्याची रोपं मुळांसकट घेऊन प्रयोगशाळेत आले. मुळावरची एक गाठ मी नखाने फोडली. आत पांढरी. दुसरीही पांढरी. त्यांच्याच शिवारातून किती हंगाम चाळून मी हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरणारा जिवाणू निवडला होता! त्याच्या गाठी आतून लालसर असतात, हवेतलं नत्र धरतात. पांढरी गाठ पिकाला काहीच देत नाही.

पेरणीआधी बियाण्याला चोळायची त्या जिवाणूची पाकिटं शरयूने भरली होती. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. मी तिला तिथंच विचारलं.

"अगं, तुझा जिवाणू सावकाश वाढत होता, साहेबांना घाई होती. मी जुनाच भरला. शेतकऱ्याला काय कळते?"

नामदेवराव समोरच उभे होते! मी त्यांना म्हटलं, "पाकिटात माझा जिवाणू नव्हताच."

"पण वरतं नाव तं तुमचंच होतं, बाई. तुमच्याच भरवशावर म्या गावातल्या लोकाईले पाकिटं वाटली."

पेरणीपासून रोज माझ्या डब्यातली भाजी खाताना हीच शरयू विचारायची, "उमरेडहून काही कळलं का गं?" पांढऱ्या गाठींपेक्षा तेच जास्त लागलं.

रविवारी उमरेडला जाऊन सगळ्यांना खरं सांगणार आहे. संध्याकाळी प्रयोगशाळेतून निघताना हे शरयूला सांगितलं, तेव्हा तिने दबक्या आवाजात विचारलं, "माझं नाव घेशील?"

घेणार.