वितोमिरचे हातमोजे

आमच्या लिपोवात्स गावातल्या वीट कारखान्याच्या पत्र्याच्या फाटकावर चेंडू आदळला की तो पत्रा कितीतरी वेळ घुमत राही, आणि मागून वितोमिरची हाक येई, "त्रिफुन, गोल इकडं आहे रे!" त्याला सत्तर वर्षे झाली. फाटक गेले, कारखाना गेला, तो आवाज माझ्या कानात राहिला. कान शाबूत आहेत आणि डोकेही बऱ्यापैकी आहे, अशी शेजारीण स्तानाची खात्री आहे. सबब मी, त्रिफुन लाझोविच, वय अठ्ठ्याहत्तर, माजी डावा विंगर आणि त्याहूनही माजी प्रशिक्षक, कोणाच्या धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

कलम पहिले. घर आणि मागची प्लमची झाडे माझी मुलगी नेवेना हिला. घराण्याच्या संताचा सण रिवाजाने मुलाकडे जातो. मला मुलगा नाही, आणि माझ्या अकरा खेळाडूंनी मिळून ऐकले नसेल इतके नेवेनाने माझे ऐकले आहे. म्हणून संत निकोलाची तसबीर आणि सणाची मेणबत्तीही तिचीच.

कलम दुसरे. अकरा हंगामांत मी चार गोल केले. त्यांतला सर्वांत देखणा आमच्याच जाळ्यात गेला. कात्रणे चुलीत घालावीत.

कलम तिसरे. सायप्रसमध्ये मी पाच महिने प्रशिक्षक होतो. निरोपाला तिथल्या अध्यक्षांनी मनगटी घड्याळ दिले, बहुधा मी वेळेवर निघावे म्हणून. ते नेवेनाला. शाळेत उतरवून घेतलेल्या कवितांची वही गावच्या शाळेला. मध्यंतराला मी संघाला त्यातल्या कविता म्हणून दाखवीत असे. नदीवरची म्हटली तेव्हा आम्ही दोन गोलांनी मागे होतो, सामना संपताना पाचांनी. वही मैदानापासून लांब ठेवावी.

कलम चौथे. खुंटीवरचे गोलकीपरचे हातमोजे वितोमिरला. वितोमिर माझा कुम, म्हणजे लग्नात माझ्या शेजारी उभा राहिलेला आणि माझ्या मुलीचे नाव ठेवणारा. आमच्यात हे नाते भावाहून जवळचे. चाळीस वर्षांपूर्वी, खालच्या गटात जायचे की नाही हे ठरवणाऱ्या सामन्यात, पेनल्टी शूटआउटच्या दोन मिनिटे आधी मी त्याला बाहेर काढले. नव्या पोराने पाचही गोल खाल्ले. वितोमिरने हातमोजे माझ्या हातात दिले, "सांभाळा, कोचसाहेब," म्हणाला, आणि पुन्हा माझा उंबरा चढला नाही. त्याचा गुडघा दुखत होता, असे मी सगळ्यांना सांगितले. गुडघा ठणठणीत होता. मध्यंतराला माझ्या कवितेला तो हसला होता, एवढेच कारण. माझ्यामागे हे त्याला वाचून दाखवावे.

स्ताना म्हणते, "जिवंतपणीच सांगा की. चार पावलांवर तर राहतो."

चार पावले धावणे मला विंगर असतानाही जमत नव्हते.

स्थळ: लिपोवात्स, माझे स्वयंपाकघर.
दिनांक: १९ डिसेंबर २०२३, संत निकोलाचा दिवस, सकाळी.
लिहून ठेवणार: त्रिफुन लाझोविच
साक्षीदार पहिली: स्ताना मिलोवुक
साक्षीदार दुसरा: आजच्या सणाला आमंत्रण कोणालाच नसते, आणि आलेल्याला परत पाठवता येत नाही. जो पहिला पाहुणा दारातल्या ताटातले गोड गहू चमचाभर खाईल, त्याने इथे सही करावी.

ताजा कलम. दार वाजले. स्ताना उघडायला गेली ती तिथेच थबकली. काठी टेकून वितोमिर उभा आहे, चमचा तोंडातच. स्ताना त्याला सहीचे सांगते.

"साखर कमी पडलीय," तो म्हणतो. "पुढच्या वर्षी ही पायरी चढवेल असं वाटत नाही, म्हणून आलो. सही कुठं करायची म्हणते ही?"

स्ताना माझ्या कानाशी लागते, "ज्याला काही मिळणार, त्याची सही चालत नाही हो."

तेव्हा कलम चौथे मी माझ्या हाताने खोडत आहे. हातमोजे त्याला आत्ताच देतो. उरलेले तोंडी.