शेवटच्या दौऱ्यातला आवाज धाकटीचा होता

ज्यांनी एके काळी माझा फोटो वहीत लपवला त्या माझ्या श्रोत्यांनो, तुमची घोर फसवणूक झाली आहे आणि तीत मी सामील होतो. वय एकसष्ट, डोके ठिकाणावर. दबाव कोणाचा नाही. दबाव आणायला घरात आहे कोण? राजीखुशीने लिहितो.

१. राहत्या दोन खोल्या धाकट्या बहिणीला. मी लग्न केले नाही, दुसरा वारस नाही. मोरीचा नळ उलटा फिरतो, हे तिला सांगावे.

२. टिकल्यांचा सोनेरी कोट शेजारच्या न्हाव्याला. "काय हिरो, भांग कुठे पाडू? जागा तर दाखवा!" असे विचारणारा, आठवड्यात माझ्याशी बोलणारा तो एकच माणूस. कोट त्याला होणार नाही, दुकानात टांगावा.

३. मॅनेजरच्या वारसांना माझ्या घरातली काडीही नाही. कारण नोंदवतो. तेराव्या वर्षी मी गाऊन गाजलो. पंधराव्या वर्षी, दौरा तोंडावर असताना, आवाज फुटला. मॅनेजरने बारा वर्षांच्या धाकटीला पडद्यामागे स्टुलावर उभे केले. ती गायची, मी ओठ हलवायचो. एकदा ऐन कडव्यात तिला शिंक आली. मी झटकन रुमाल नाकाला लावला. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतले! मग मॅनेजरने ती शिंक प्रत्येक कार्यक्रमात बसवली. त्यासाठी तिच्या नाकात तपकीर घालत.

शेवटच्या कार्यक्रमानंतर ती म्हणाली, "दादा, माझी शिंकसुद्धा तुझीच झाली रे."

मी म्हणालो, "गप गं. कोणी ऐकेल."

ती माझ्याशी बोलायची थांबली, ती आजतागायत. लोक म्हणतात, पोरांना काय कळतं. मला कळत होते! भित्रेपणा वय पाहून येत नाही.

४. आता ती बसस्थानकावर गाड्या पुकारते. दर गुरुवारी, कुठेही जायचे नसताना, मी तिथल्या बाकावर बसतो. "प्रवाशांनी फलाट तीनवर यावे," असे ती कर्ण्यातून सांगते, तेव्हा मला कोणी बोलावल्यासारखे वाटते. तिच्या खिडकीपर्यंत जायला पाय उचलले नाहीत.

५. शेवटच्या दौऱ्याच्या रेकॉर्डचे सर्व हक्क तिचे. वकीलबाईंनी हे मृत्युपत्र वर्तमानपत्रात छापून आणावे. पण छापून न्याय होत नसतो. श्रोत्यांनो, माळ्यावरून ती रेकॉर्ड काढा, बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर जा आणि तिची सही मागा. नको म्हणाली तर नमस्कार करून परत फिरा. पण मागा!

स्थळ: राहते घर. दिनांक: ९ मार्च, गुरुवार.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार (न्हाव्याला कोट मिळणार, म्हणून त्याची साक्ष चालत नाही):
१. औषधांच्या दुकानातील बाई (सही)
२. विजेचा मीटर बघायला आलेले गृहस्थ (सही)